प्रिंटरवर छापलेल्या चेकची तारीख चौकटीबाहेर जाते: दर महिन्याला परत येणारा त्रास आणि सॉफ्टवेअरची निवड

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीचा मी सहा वर्षं खजिनदार आहे. घरं चाळीस, महिन्याला चेक चौदा ते सोळा. लिफ्टवाला, पाण्याचा टँकर, वॉचमनची एजन्सी, सफाईच्या मावशी, अधूनमधून प्लंबर. पूर्वी हाताने लिहायचो. गेली चार वर्षं घरच्या लेझर प्रिंटरवर छापतो. या चार वर्षांत एकच दुखणं पुन्हा पुन्हा वर आलं: छापलेला मजकूर जागेवर बसत नाही. एकदा बसवावा, दोन महिने सगळं सुरळीत चालावं आणि तिसऱ्या महिन्याला तारीख पुन्हा चौकटीच्या रेघांवर.

मागच्या वर्षी जुलैत सफाईच्या मावशींचा चेक परत आला. ‘०५०७२०२५’ या आठ आकड्यांमधलं पहिलं शून्य डावीकडे चौकटीबाहेर पडलं होतं आणि शेवटची चौकट रिकामी होती. मी तो चेक सही करून दिला, सेक्रेटरींनीही सही केली, आम्हा दोघांच्याही लक्षात आलं नाही. मावशींचा अर्धा दिवस बँकेत गेला, पुढच्या घरचं काम बुडालं, पगार आठवडाभर लांबला. चूक माझी, फटका त्यांना. त्या दिवसापासून मी हा प्रश्न मुळापासून तपासायला घेतला. जे सापडलं ते इथे मांडतो आहे, कारण छोटी दुकानं, ट्रस्ट, सोसायट्या चालवणाऱ्या अनेकांना हाच त्रास होतो आणि बहुतेक जण त्यावर उपाय म्हणून सॉफ्टवेअर बदलतात. मीही दोनदा बदललं. त्रास तसाच राहिला.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण इंटरनेटवर शोधायला गेलं की गोंधळ होतो. ‘घरी चेक छापण्याचं सॉफ्टवेअर’ म्हणून जे पहिल्यांदा समोर येतं ते बहुतेक अमेरिकेतलं असतं. तिथे कोरा सुरक्षा-कागद विकत मिळतो. त्यावर बँकेचं नाव, खातं, तळाची चुंबकीय शाईची ओळ असं सगळं घरी छापता येतं. न्यू जर्सीतला माझा मावसभाऊ घरभाडं तसल्याच चेकने देतो. आपल्याकडे तो प्रकार नाही. चेकचं पान बँकच देते. ते सीटीएस-२०१० प्रमाणाचं असतं (सीटीएस म्हणजे चेक ट्रंकेशन सिस्टीम, कागदाऐवजी चेकचं चित्र पाठवून तो वटवायची पद्धत), उजेडात धरलं की ‘सीटीएस-इंडिया’ हे पाणचिन्ह दिसतं, बँकेचा लोगो अतिनील दिव्याखालीच दिसणाऱ्या शाईत असतो. आपण छापायचं ते फक्त तारीख, नाव, अक्षरी रक्कम, आकडी रक्कम आणि कोपऱ्यातलं ‘अकाउंट पेयी’. तळाच्या पांढऱ्या पट्टीत चेक नंबर, बँकेची शाखा ओळखणारा नऊ आकडी एमआयसीआर कोड वगैरे असतं, तिथे एक ठिपकाही पडता कामा नये. अमेरिकी सॉफ्टवेअर त्या पट्टीतच काहीतरी छापायला जातं. म्हणून ते आपल्या कामाचं नाही, फुकट मिळालं तरी.

जागेवर न बसण्याचा प्रश्न आपल्याकडे जास्त बोचतो, याचंही कारण आहे. चेक आता एका बँकेतून दुसरीकडे कागद म्हणून जात नाही, त्याचं चित्र जातं. दर्शनी बाजूची एक करड्या छटांची प्रतिमा, एक निव्वळ काळी-पांढरी आणि मागच्या बाजूची एक. पलीकडच्या बँकेतला माणूस किंवा यंत्र हे चित्रच वाचतं. त्यात तारखेचा आकडा चौकटीच्या रेघेला चिकटला की आठाचा तीन आणि शून्याचा सहा व्हायला वेळ लागत नाही. शिवाय १ डिसेंबर २०१० पासून सीटीएसमधून जाणाऱ्या चेकवर खाडाखोड चालत नाही. तारखेची मुदत वाढवणं एवढाच अपवाद. पूर्वी चुकलं की खोडून बाजूला सही करायची सोय होती, ती गेली. चुकलेलं पान म्हणजे फुकट गेलेलं पान.

आता मुद्द्याचं. कुठल्याही सेटिंगला हात लावण्याआधी दोष कोणत्या जातीचा आहे ते ओळखायचं. मजकूर सरकतो तेव्हा तो तीनपैकी एका प्रकारे सरकतो: सगळा एकत्र सरकतो, आकसतो किंवा तिरका जातो. प्रत्येकाचा उपाय निराळा. मी वर्षभर आकसण्यावर सरकवण्याचे उपाय करत बसलो होतो. नाव बरोबर बसवलं की तारीख चुकायची, तारीख बसवली की नाव.

ओळखायची पद्धत अशी. साध्या कागदाचे चेकच्या मापाचे दहा-बारा तुकडे कापून घ्या. माप नेटवर शोधू नका, आपल्या चेकबुकातलं पान फाडायच्या रेघेपासून पट्टीने मोजा. साधारण २०२ मिलिमीटर लांब आणि ९२ मिलिमीटर रुंद भरतं. मग ज्या प्रोग्रॅममधून चेक छापता त्याच प्रोग्रॅममधून दोन फुल्या छापा: एक डाव्या कडेपासून १० मिलिमीटरवर, दुसरी १९० मिलिमीटरवर, दोन्ही वरच्या कडेपासून सारख्याच अंतरावर. म्हणजे फुल्यांमधलं अंतर १८० मिलिमीटर यायला हवं. ते पट्टीने मोजा. शाळेच्या कंपासपेटीतली पट्टी चालते, शिंप्याचा टेप नको.

मी मोजलं तेव्हा अंतर १७४.६ मिलिमीटर आलं. म्हणजे बरोबर ९७ टक्के. माझ्या सगळ्या दुखण्याचं मूळ त्या साडेपाच मिलिमीटरांत होतं. छपाईच्या खिडकीत ‘पानात बसवा’ हा पर्याय आपोआप निवडलेला होता. प्रिंटरला कागदाच्या कडेची चार-पाच मिलिमीटर जागा छापता येत नाही, म्हणून प्रोग्रॅम सगळा मजकूर थोडा आकसून त्या जागेच्या आत आणतो. पत्र छापताना हे कुणाच्या लक्षातही येत नाही. चेकवर मात्र २०२ मिलिमीटरांचे तीन टक्के म्हणजे सहा मिलिमीटर झाले आणि माझ्या चेकवरची तारखेची एक चौकट जेमतेम पाच मिलिमीटरांची आहे. काही प्रोग्रॅम पान मधोमध धरून आकसतात, तेव्हा दोन्ही टोकांना तीन-तीन मिलिमीटरांची चूक होते आणि आकडे रेघांवर बसतात. काही डावा कोपरा धरून आकसतात, तेव्हा सगळी चूक उजव्या टोकाला जाते आणि तारीख अख्खी एक घर डावीकडे सरकते. मावशींच्या चेकवर नेमकं हेच झालं होतं.

उपाय एका ओळीचा आहे: ‘प्रत्यक्ष आकार’ किंवा १०० टक्के निवडा. पण तो दोन ठिकाणी करावा लागतो, हे मला फार उशिरा कळलं. एकदा प्रोग्रॅमच्या किंवा पीडीएफ उघडणाऱ्या ॲपच्या छपाईच्या खिडकीत आणि एकदा प्रिंटरच्या स्वतःच्या प्रॉपर्टीजमध्ये. एकीकडे १०० टक्के आणि दुसरीकडे ‘कागदात बसवा’ असेल तर पहिल्याचा काही उपयोग होत नाही.

फुल्यांमधलं अंतर बरोबर १८० आलं, पण दोन्ही फुल्या सारख्याच चार मिलिमीटर खाली किंवा उजवीकडे पडल्या, तर तो सरकण्याचा दोष. मजकूर आकसलेला नाही, फक्त अख्खा हललाय. चूक तीन-चार मिलिमीटरांची असेल तर सॉफ्टवेअरमध्ये सगळ्या मजकुराला एकत्र सरकवायची सोय वापरा आणि विषय संपवा. चूक मोठी असेल, मजकूर जवळजवळ सहा सेंटिमीटर बाजूला किंवा चेकच्या बाहेरच जात असेल, तर कागदाच्या मापातच गोंधळ आहे. का ते सांगतो. बहुतेक लेझर प्रिंटरमध्ये कागद ट्रेच्या मधोमध धरला जातो. चेक आखूड बाजूने आत जातो, म्हणजे ९२ मिलिमीटरांची कड पुढे. सॉफ्टवेअरला मात्र वाटतं की आत ए-फोर कागद आहे, २१० मिलिमीटर रुंद. २१० वजा ९२ म्हणजे ११८, त्याचा निम्मा ५९. सॉफ्टवेअर कोपऱ्यापासून मोजतं, कागद मध्यावर बसलाय, मधली तफावत ५९ मिलिमीटर. काही इंकजेट प्रिंटर कागद एका कडेला धरून ओढतात, तिथे हा आकडा वेगळा येतो. म्हणूनच एकाच्या घरी चाललेली फाइल दुसऱ्याच्या घरी चालत नाही.

यावर कायमचा उपाय म्हणजे प्रिंटरला चेकचं माप शिकवणं. विंडोजमध्ये प्रिंटरच्या यादीतून ‘प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज’ उघडा, तिथे नवीन फॉर्म तयार करायची सोय आहे. त्याला ‘चेक’ असं नाव द्या, रुंदी ९.२ सेंटिमीटर, उंची २०.२ सेंटिमीटर, चारही समास शून्य. मग प्रिंटरच्या ‘प्रेफरन्सेस’मध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये, दोन्हीकडे कागद म्हणून हाच फॉर्म निवडा, छपाई आडवी ठेवा, दोन्ही बाजूंची छपाई बंद करा. हे करण्याआधी आपल्या प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेत कमीत कमी किती रुंदीचा कागद चालतो ते पाहून घ्या. पुष्कळ लेझर प्रिंटरांचा वरचा किंवा पुढचा एकेका कागदाचा ट्रे ७६ मिलिमीटर इतका अरुंद कागदही घेतो, पण सगळ्यांचा घेत नाही आणि खालचा मोठा ट्रे तर बहुधा घेतच नाही.

तिसरा दोष तिरकेपणाचा. एक फुली वर, दुसरी दोन मिलिमीटर खाली. यात सॉफ्टवेअरचा काही संबंध नाही. ट्रेच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या चेकला नीट टेकलेल्या नाहीत, किंवा कागद ओढणारा रबरी रोलर एका बाजूने गुळगुळीत झालाय, किंवा पान वळलंय. पावसाळ्यात आमच्याकडे कपाटातलं चेकबुकसुद्धा कमानीसारखं वाकतं. चेक छापायच्या आदल्या रात्री मी ते जाड पुस्तकांखाली ठेवतो. रोलर किंचित ओल्या सुती कापडाने पुसला, पूर्ण वाळू दिला, की बऱ्याचदा काम होतं. प्रिंटर बंद करून, वायर काढून मगच.

आणखी एक छोटी गोष्ट, जिने माझा फार फायदा केला. चेकची डावी कड चेकबुकातून फाडलेली असते, तिला बारीक दाते राहतात. ती कड पुढे करून पान आत सारलं की रोलरला पकड सारखी मिळत नाही. मी आता उजवी, स्वच्छ कड पुढे करून घालतो आणि सॉफ्टवेअरमध्ये छपाई १८० अंशांत फिरवतो. तारीख उजव्याच टोकाला असते, म्हणजे पान आत शिरताच ती आधी छापली जाते. रोलर घसरून होणारी चूक पुढे जाताना वाढत जाते, ती तारखेपाशी सर्वांत कमी राहते. नावाच्या ओळीत मिलिमीटरभर इकडे-तिकडे झालं तर चालतं, तारखेत चालत नाही.

सगळं जुळलं, फुल्या जागेवर आल्या, की मग खरा चेक न घालता त्याच मापाच्या साध्या कागदावर पूर्ण मजकूर छापायचा आणि तो कागद कोऱ्या चेकवर ठेवून खिडकीच्या काचेला लावायचा. दिवसाउजेडी मागून चौकटी स्पष्ट दिसतात. मी आठही आकडे एकेक करून बोटाने मोजतो. काही जण चेकची झेरॉक्स काढून तिच्यावर चाचणी घेतात, तेही चालेल. झेरॉक्सवर आडवा ‘व्हॉइड’ शब्द उमटलेला दिसला तर दचकू नका. तो चेकच्या नक्षीत लपवलेला असतो आणि प्रत काढली की उघडा पडतो, ती नक्कल पकडायचीच युक्ती आहे.

मग पुन्हा का बिघडतं?

खरा वैताग इथे आहे. एकदा जुळवलेलं का टिकत नाही, याची कारणं मी दोन वर्षं वहीत लिहून ठेवली. सर्वांत जास्त वेळा गुन्हेगार निघाला तो प्रिंटरचा ड्रायव्हर, म्हणजे संगणकावरून प्रिंटर चालवणारा छोटा प्रोग्रॅम. अपडेटमध्ये तो नव्याने बसतो आणि कागद पुन्हा ए-फोर, आकार पुन्हा ‘बसवा’. त्याखालोखाल विंडोजमधली ‘डिफॉल्ट प्रिंटर विंडोजला ठरवू द्या’ ही खूण. ती चालू असेल तर शेवटी वापरलेला प्रिंटर आपोआप मुख्य होतो. घरात दोन प्रिंटर असले, किंवा मुलीने पीडीएफ म्हणून काही साठवलं, की तुमची चेकची जुळवणी बाजूला पडलीच. ती खूण काढून टाका. तिसरं कारण घरगुती: कुणीतरी फोटो छापला आणि ट्रेच्या पट्ट्या हलवल्या. आमच्या प्रिंटरवर मी पट्ट्यांच्या जागी पेन्सिलीने दोन बारीक खुणा केल्यात.

आणि एक कारण असं, ज्याचा कुणालाही चटकन संशय येत नाही: नवं चेकबुक. प्रमाण एकच असलं तरी प्रत्येक छापखान्याच्या कामात थोडा फरक पडतो. आमच्या सोसायटीची दोन बँकांत खाती आहेत. दोन्ही चेक एकावर एक ठेवले तर नावाच्या ओळीत दोन मिलिमीटरांचं अंतर आहे. बँकांचं विलीनीकरण झालं तेव्हा हा अनुभव अनेकांना आला असेल. १ एप्रिल २०१९ ला देना आणि विजया बँक ऑफ बडोदात गेल्या, १ एप्रिल २०२० ला आंध्र आणि कॉर्पोरेशन युनियन बँकेत, सिंडिकेट कॅनरात, अलाहाबाद इंडियन बँकेत, ओरिएंटल आणि युनायटेड पंजाब नॅशनलमध्ये. खातं तेच, चेकबुक नवं. तेव्हा नवं चेकबुक हातात आलं की पहिलं पान वापरण्याआधी खिडकीच्या काचेची तपासणी पुन्हा एकदा करा. पाच मिनिटं लागतात.

छाप फिकी येते तेव्हा

जागा बरोबर असूनही चेक परत येऊ शकतो, कारण चित्र नीट वाचता येत नाही. आमच्या टँकरवाल्याचा चेक एकदा असाच परत आला. प्रिंटर ‘टोनर वाचवा’ या सेटिंगवर होता, अक्षरं डोळ्यांना राखाडी पण वाचण्यासारखी होती. काळ्या-पांढऱ्या प्रतिमेत ती विरून जातात. चेकसाठी ही बचत बंद ठेवा, रंग शुद्ध काळा ठेवा, निळा किंवा करडा नको. चेकचा कागद नेहमीच्या झेरॉक्स कागदापेक्षा जाड असतो, ९५ जीएसएमचा (एका चौरस मीटरला ९५ ग्रॅम). कागदाचा प्रकार ‘साधा’ ठेवला तर टोनर पुरेसा तापत नाही आणि नखाने खरवडला की निघतो. ‘जाड’ निवडा आणि छापल्यावर अर्ध्या मिनिटाने अंगठा घासून पाहा.

इंकजेटबद्दल माझं मत ठाम आहे: शक्यतो टाळा. बऱ्याच इंकजेटची शाई पाण्याने पसरते. एका थेंबाने नाव पुसट होतं आणि मग ते चुकून झालं की कुणी मुद्दाम केलं, हा प्रश्न उभा राहतो. दुसरा प्रिंटर नसेल तर बाटलीवर ‘पिगमेंट’ लिहिलेली काळी शाई घ्या. सह्या मात्र कायम हाताने, पेनने. सहीचं चित्र छापून देणारं सॉफ्टवेअर असेल तर ती सोय वापरू नका.

सॉफ्टवेअर निवडताना

इतकं सगळं झाल्यावर सॉफ्टवेअरचा प्रश्न सोपा होतो. मी आता कोणतंही सॉफ्टवेअर पाहताना तिथे किती बँकांचे तयार नमुने आहेत ते आधी विचारत नाही. तयार नमुना ही फक्त सुरुवात असते, तो तुमच्या प्रिंटरवर मिलिमीटर-दोन मिलिमीटर चुकणारच. मी पाहतो की प्रत्येक रकाना स्वतंत्रपणे मिलिमीटरमध्ये हलवता येतो का, सगळा मजकूर एकत्र सरकवता येतो का, छपाई फिरवता येते का, आणि कागद ट्रेच्या मध्यावर की कडेला हे सांगता येतं का. तारखेच्या आठ आकड्यांमधलं अंतर वेगळं ठरवता येत असेल तर फारच उत्तम. या सोयी नसतील तर दोनशे बँकांच्या नमुन्यांचा काही उपयोग नाही.

दुसरी परीक्षा रकमेची. हे तीन आकडे घालून अक्षरी रक्कम काय येते ते पाहा: १,००,००५, मग १०,५०,०४० आणि ९९,९९९.५०. पहिल्यात ‘वन लाख फाइव्ह’ यायला हवं. ‘वन हंड्रेड थाउजंड फाइव्ह’ आलं तर ते सॉफ्टवेअर आपल्या लाख-कोटीसाठी बनलेलं नाही. दुसऱ्यात ‘मिलियन’ दिसला तर तेच. तिसऱ्यात पन्नास पैसे गायब झाले तर धोका मोठा, कारण १८८१ च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम १८ नुसार अंकी आणि अक्षरी रक्कम वेगळी असेल तर अक्षरी धरली जाते. एक्सेलमध्ये चेकचा साचा करणाऱ्यांनी इथे विशेष लक्ष द्यावं. एक्सेलमध्ये थाई चलनाची रक्कम अक्षरांत लिहिणारं सूत्र आहे, रुपयांचं नाही. म्हणून लोक नेटवरून मॅक्रो (एक्सेलमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम) उचलतात, ‘डॉलर्स’च्या जागी ‘रुपीज’ लिहितात आणि ‘मिलियन’ तसाच राहतो.

तिसरी परीक्षा तारखेची. संगणकाची तारीख अमेरिकी पद्धतीवर असेल तर ५ जुलै हा ७ मे होऊन छापला जातो. १२ तारखेपर्यंत ही चूक नजरेला येत नाही, कारण दोन्ही तारखा खऱ्या वाटतात. शिवाय १ एप्रिल २०१२ पासून चेकची मुदत तारखेपासून तीनच महिने आहे. ५ ऑक्टोबरच्या चेकवर १० मे छापलं गेलं तर तो चेक देण्याआधीच मेलेला. चाचणीसाठी २५ तारखेसारखी मोठी तारीख घ्या.

चौथी, लांब नावाची. ‘महाराष्ट्र स्टेट इलेक्ट्रिसिटी डिस्ट्रिब्युशन कंपनी लिमिटेड’ घालून पाहा. अक्षर आपोआप लहान होतं, की नाव थेट ओळीच्या शेवटी आधीच छापलेल्या ‘या धारक को’वर चढतं? आणि नाव मराठीत छापायचं असेल तर युनिकोडमध्ये लिहून पाहा. प्रादेशिक भाषेत चेक लिहायला बंदी नाही, पण जुन्या फाँटवर चालणाऱ्या काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं फुटतात किंवा नुसत्या चौकटी येतात.

आता कोणतं घ्यावं, हे लोक थेट विचारतात, तर माझं उत्तर असं. तुमचे हिशेब आधीच टॅलीत असतील तर वेगळं काही घेऊ नका. त्यात बँकेच्या लेजरमधूनच चेक छापता येतो, चेकची मापं आणि प्रत्येक मजकुराची जागा बदलता येते, आणि व्हाउचर व चेक एकाच ठिकाणी राहतात. हिशेब वहीत आणि चेक महिन्याला दहा-पंधरा असतील तर चेकपुरतं मर्यादित, संगणकावर बसवायचं छोटं भारतीय सॉफ्टवेअर पुरतं. विकत घेण्याआधी चाचणीची प्रत घेऊन वरच्या चार परीक्षा कराव्यात. ग्नूकॅश हे हिशेबाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यात चेकवरच्या प्रत्येक मजकुराची जागा आकड्यांत देता येते आणि पान फिरवताही येतं. अक्षरी रक्कम मात्र पाश्चात्त्य पद्धतीने येते, तेव्हा लाखाच्या आतले चेक असणाऱ्यांनीच त्याचा विचार करावा. लिब्रेऑफिसमध्ये साचा करून नावांची यादी जोडणं हाही चांगला मार्ग आहे, हौस असेल तर. मी सध्या चेकपुरतं छोटं सॉफ्टवेअर वापरतो.

ज्या संकेतस्थळांवर चेकचा मजकूर भरायचा आणि ते पीडीएफ करून देतात, ती मी वापरत नाही. कुणाला किती पैसे, कोणत्या तारखेला, कोणत्या नंबरच्या चेकने, ही सोसायटीची माहिती अनोळखी हातात कशाला द्यायची? आणि महिन्याला दोन-तीनच चेक असतील तर हा सगळा खटाटोप करू नका. काळं बॉलपेन घ्या, सावकाश लिहा.

सॉफ्टवेअरमध्ये चेकची नोंदवही असेल तर ती भरा. १ जानेवारी २०२१ पासून पॉझिटिव्ह पे आलं. ५० हजार आणि त्यावरच्या चेकचा तपशील बँकेला आधी कळवायची ही सोय आहे, आणि पाच लाखांपासून पुढे ती सक्तीची करायची मुभा बँकांना आहे. तिथे जे कळवलं आणि चेकवर जे छापलं ते तंतोतंत जुळावं लागतं. नोंदवहीतून नाव, तारीख, रक्कम उचलली की टायपिंगची चूक होत नाही. बँकेच्या ॲपमध्ये ‘अँड सन्स’ आणि चेकवर ‘अँड सन’ असं एकदा आमच्याकडून झालं होतं. फोन आला, खुलासा केला, निभावलं.

वाया गेलेल्या पानांचं काय करायचं? अर्धवट छापलेलं पान पुन्हा प्रिंटरमध्ये घालू नका. दुसऱ्या फेरीत ते कधीच त्याच जागी बसत नाही, एका नावावर दुसरं नाव चढतं. त्यावर दोन आडव्या रेघा मारून मोठ्या अक्षरांत ‘रद्द’ लिहा, तळाच्या पट्टीपर्यंत, आणि चेकबुकाच्या पाठीमागे टाचून ठेवा. नोंदवहीतही तो नंबर रद्द दाखवा. ऑडिटरला प्रत्येक नंबरचा हिशेब लागतो, आणि पान सापडत नसेल तर बँकेला पेमेंट थांबवायला सांगावं लागतं.

आता माझा क्रम ठरला आहे. महिन्याच्या ४ तारखेला रात्री चेकबुक पुस्तकांखाली. ५ तारखेला सकाळी आधी फुल्यांचा कागद, पट्टीने १८० मोजायचे. मग एक साधा कागद पूर्ण मजकुरासह, काचेला लावून तारीख मोजायची. मग चेक एकेक करून, प्रत्येक बाहेर आला की पुढचा आत. सगळ्यांत पहिला मावशींचा छापतो आणि तो त्यांच्या हातात देण्याआधी आठही आकडे पुन्हा एकदा बोटाने मोजतो.